माईकचं बटण

दिवाळीनंतरची गोष्ट. दुकानात एक मावशी आल्या, गंगाखेडकडच्या. लेक-जावई ऊसतोडीला सांगलीकडं गेलेले. फोन काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "दादा, लेकीचा आवाजच निघंना झालाय. फोन भरला म्हणायलंय." उघडून बघितलं, तर आत नुसती गुड मॉर्निंगची फुलं आन् कुणाकुणाच्या वाढदिवसाचे बॅनर. सगळं उडवलं. मग अडकलेला व्हॉइस मेसेज उतरला. "आई, जेवलीस का? आमच्या इकडं थंडी लई हाय." मावशींनी तो तिथंच उभ्यानं तीनदा ऐकला आन् माईकचं बटण दाबून धरून उत्तर दिलं. त्यांना सही येत नाही, अंगठा लावतात.

फेसबुक चांगलं का इन्स्टा, यावर इथं फेसबुकवर अधूनमधून वाद झडतात म्हणून हे लिहायलोय. परभणीत माझं मोबाईलचं दुकान आहे, 15 वर्षं झाली. नवा फोन घेतला की लोक काय टाकून मागतात, ते मला रोज दिसतं. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडं ज्याला लिहावं लागत नाही, ते ॲप चालतं. व्हॉट्सअपवर व्हॉइस मेसेज 2013 ला आला. आमच्या खेड्यापाड्यांसाठी खरं व्हॉट्सअप तेव्हा सुरू झालं, असं मी मानतो.

दुसरं कारण पासवर्डचं. व्हॉट्सअपला नंबर टाका, ओटीपी आला, झालं. फेसबुकचा पासवर्ड लक्षात ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय. कित्येकांची खाती मीच उघडून दिली. जन्मतारीख विचारली की उत्तर ठरलेलं, "टाका 1 जून." शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच लिहिलेली. त्यामुळं 1 जूनला माझ्या फेसबुकवर अर्धा तालुका एकदम जन्माला येतो, आन् शुभेच्छा देता देता माझा अंगठा दुखतो.

यूट्यूबचं तर विचारूच नका. ते कुणी टाकून मागत नाही, कारण अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीच असतं. तिथंही माईक आहे. "सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारावं" असं बोललं की व्हिडिओ हजर. मृगाच्या तोंडावर पंजाबराव डखांचा पावसाचा अंदाज ऐकल्याशिवाय आमच्याकडं कित्येक जण तिफण बाहेर काढत नाहीत. मी मात्र यूट्यूबवर जरासा रुसून आहे. पूर्वी "मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील" अशी पाटी होती माझ्या दुकानावर. दहा-वीस रुपयांत भीमगीतं, भजनं, लग्नाची गाणी. बाजाराच्या दिवशी रांग लागायची. 2016 नंतर नेट स्वस्त झालं आन् ती पाटी मीच उतरवली. कार्ड रीडर अजून गल्ल्यात पडलेलाय, टाकवत नाही.

टिकटॉक हे खरं आमचं होतं. नांगरामागं चालता चालता नवरा-बायको व्हिडिओ करायचे, कुणी हसलं तरी लाजायचे नाहीत. 29 जून 2020 ला ते बंद झालं आन् जुलैतच इन्स्टावर रील आलं. पोरं तिकडं गेली, पण ती नांगरामागची जोडपी सगळी गेली असं मला वाटत नाही. इन्स्टावर जरा कपडे बघून बसायला जागा मिळते. पोरींचं तर वेगळंच. डीपीला फूल नाहीतर महादेव, नाव भलतंच, आन् चुलत्या-मामांपैकी कुणालाही आत घ्यायचं नाही. काका फेसबुकवर आले म्हणून पोरं इन्स्टावर गेली, हे माझं मत दुकानात आलेली पोरंच हसून कबूल करतात.

पोलीस भरतीवाले आन् एमपीएससीवाले टेलिग्रामवर, कारण पीडीएफ तिथं मिळतात. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, पत्रकार आन् कार्यकर्त्यांचं. पीकविमा अडकला की बाकीच्यांना त्याची आठवण होते.

या माईकची भीती पण वाटते. लिहिलेल्या फॉरवर्डवर माणूस एखादवेळ शंका घेईल, पण कुणी आपल्याच बोलीत घाबऱ्या आवाजात "पोरं पळवणारी टोळी आलीय" म्हणलं, की काळजात चर्र होतं. 2018 च्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला असल्याच अफवेतून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते ते. त्याच महिन्यात व्हॉट्सअपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. माझ्याकडं आजही लोक विचारतात, "पाचाच्या वर का जाईना हो हे?" मी कारण सांगतो. काही जण गप होतात, काही जण म्हणतात, पाच-पाच करून पाठवतो मग.

माझी लेक लातूरला क्लासला आहे. मी फेसबुकवर एवढं लांबलचक लिहितो, ती म्हणते, "पप्पा, ते कोण वाचतं?" माझ्या मेसेजला नुसता अंगठा येतो. आईला मात्र रोज रात्री दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज असतो, मेसच्या भाजीपासून मैत्रिणीच्या भांडणापर्यंत. ही पोस्टही ती वाचणार नाहीच. तिची आई वाचून, रेकॉर्ड करून पाठवील, मधीमधी स्वतःचं घालून.