ऑलिंपियावरच्या चित्रपटाला प्रायोजक हवाच, पण संहितेपासून चार हात दूर

प्राचीन ग्रीक क्रीडास्पर्धांवरच्या एका चित्रपटासाठी आम्ही प्रायोजक शोधत आहोत, असे सांगितले की समोरच्याच्या कपाळावर बहुधा आठी उमटते. वारशाच्या जागी कंपन्यांचा पैसा कशाला, हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक असतो आणि त्याचे सविस्तर उत्तर द्यायला हवे, म्हणून ही लांबलचक पोस्ट लिहिते आहे. ग्रीसमधल्या काही सहकाऱ्यांबरोबर मी सध्या ज्या प्रस्तावावर काम करते आहे तो थोडक्यात असा आहे: प्राचीन ऑलिंपिक स्पर्धा जिथे भरत त्या ऑलिंपिया गावात, उत्खननाच्या संरक्षित हद्दीबाहेर, एक लहानसे प्रेक्षागृह उभारावे, तिथे पंचवीसेक मिनिटांचा चित्रपट दिवसभर दाखवावा, आणि तो पाहून मगच प्रवाशाने अवशेषांमध्ये शिरावे.

अशा चित्रपटाची गरज का आहे, हे ऑलिंपियाला जाऊन आलेल्या कोणालाही पटेल. काताकोलो बंदरात मोठी प्रवासी जहाजे लागतात, तिथून बसगाड्या येतात, आणि माणसांच्या हाती जेमतेम काही तास असतात. समोर दिसतात ते दगड. ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याच्या मंदिराचे प्रचंड खांब सहाव्या शतकातल्या भूकंपांत कोसळले ते तसेच आडवे पडलेले आहेत. ज्या शर्यतीच्या मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या मातीच्या उतारांवर ४० हजारांहून अधिक लोक मावत असत, तिथे आज गवत आणि धूळ आहे. घोड्यांच्या आणि रथांच्या शर्यतींचे मैदान तर आल्फिओस नदीच्या पुरांनी आणि गाळाने गिळून टाकले. बहुतेक प्रवासी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतात, छायाचित्र काढतात आणि निघून जातात. त्यांचा यात काही दोष नाही, कारण त्या जागेचा अर्थ त्यांच्यापर्यंत कोणी पोचवलेलाच नसतो.

मैदानाच्या टोकाला जमिनीत बसवलेली दगडी पट्टी घ्या. तिच्यावर दोन समांतर खाचा आहेत. धावपटू तिथे अनवाणी उभा राहत असे, एक पाय किंचित पुढे, आणि दोन्ही पायांची बोटे त्या खाचांमध्ये रुतवलेली. आजच्यासारखे वाकून बसणे नव्हते. शरीर उभे, किंचित पुढे झुकलेले आणि हात समोर. पुढे १९२ मीटरचे अंतर आणि दुसऱ्या टोकाला तशीच दगडी पट्टी. नेमेआ या स्पर्धांच्या दुसऱ्या एका प्राचीन ठिकाणच्या मैदानावर अशा पट्टीजवळ उभारायच्या अडसराची रचना अभ्यासकांनी पुन्हा बांधून दाखवली आहे: लाकडी खांब आणि त्यांच्यामध्ये ताणलेले दोर, जे एका झटक्यात सगळ्या धावपटूंसमोर एकाच वेळी खाली पडत, म्हणजे कोणालाही आधी सुटता येत नसे. ही दहा सेकंदांची गोष्ट पडद्यावर एकदा नीट दाखवली, तर त्यानंतर त्या दगडावर पाय ठेवणारा माणूस वेगळ्या नजरेने खाली पाहील.

आता पैशाचा मुद्दा. ऑलिंपिया ही जागा पैशापासून अलिप्त होती, ही समजूत मुळातच चुकीची आहे, आणि त्याचे पुरावे तिथल्या दगडांवरच कोरलेले आहेत. पाहुण्यांच्या निवासाची सर्वांत मोठी इमारत, लिओनिदाइऑन, इ.स.पू. चौथ्या शतकात नाक्सोस बेटावरच्या लिओनिदास नावाच्या माणसाने बांधून दिली आणि इमारतीवर आपले नाव कोरून घेतले. या स्पर्धा ऐन उन्हाळ्यात होत आणि हजारोंच्या गर्दीचे पाण्यावाचून हाल होत. इ.स. दुसऱ्या शतकाच्या मध्यास अथेन्सचा धनाढ्य हेरोदेस अॅट्टिकस याने दुरून पाणी आणून तिथे भव्य कारंजे उभारले, ते पत्नी रेगिल्ला हिच्या नावाने. त्या कारंज्यावरचा संगमरवरी बैल आज ऑलिंपियाच्या संग्रहालयात उभा आहे आणि त्याच्या अंगावर तिचे नाव स्पष्ट कोरलेले आहे: देमेतेर देवीची पुजारीण रेगिल्ला हिने हे पाणी झ्यूसला अर्पण केले. तहानलेल्या माणसांना पाणी मिळाले आणि दात्याचे नाव राहिले, यात मला काहीही गैर वाटत नाही.

अथेन्सच्या पानाथेनाइक मैदानाचा इतिहास तर दात्यांचाच इतिहास आहे. इ.स.पू. ३३० च्या सुमारास ते बांधले जात असताना प्लाताइआच्या एउदेमोसने कामासाठी हजार बैलजोड्या दिल्या, आणि अथेन्सने त्याचा सन्मान करणारा ठराव दगडावर कोरून ठेवला. पुढे त्याच हेरोदेस अॅट्टिकसने ते संगमरवरात मढवले, आणि १८९६ च्या आधुनिक ऑलिंपिकसाठी अलेक्झांड्रियातला ग्रीक व्यापारी जॉर्ज आवेरोफ याने नऊ लाखांहून अधिक द्राख्मा देऊन त्याचा जीर्णोद्धार करवला. आवेरोफचा पुतळा मैदानाबाहेर आहे. बाहेर आहे, आत नाही, आणि ही जागा मला फार योग्य वाटते. ऑलिंपियातले जुने संग्रहालयही आंद्रेआस सिंग्रोस या बँकरच्या देणगीतून १८८० च्या दशकात उभे राहिले. आज तिथे प्राचीन ऑलिंपिक स्पर्धांच्या इतिहासाचे दालन आहे.

आपल्याकडे यापेक्षा वेगळे काय घडले? पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींत अनवाणी धावणारी मुले पाहून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला, पदरचे पैसे घातले, आणि १९२० मध्ये भारताचा चमू अँटवर्पला पोचला. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला जाऊ शकावेत म्हणून कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. खेळाला दाता लागतो, हे मराठी माणसाला कोणी नव्याने सांगायला नको.

तेव्हा पैसा मागायला लाजण्याचे कारण नाही आणि दात्याचे नाव लावायला संकोच करण्याचेही नाही. माझा सगळा आग्रह पुढच्या गोष्टीवर आहे: प्रायोजकाला संहितेला हात लावता येऊ नये, आणि हे पैसा येण्याआधी करारात लिहिले गेले पाहिजे. तोंडी आश्वासनांवर माझा विश्वास उरलेला नाही. एका कंपनीच्या प्रतिनिधींबरोबरच्या बैठकीत, कंपनीचे नाव लिहीत नाही, आमच्यासमोर अत्यंत आपुलकीने दोन सूचना ठेवण्यात आल्या. चित्रपटाची सुरुवात धावत नेल्या जाणाऱ्या मशालीने करावी, आणि खेळाडूंना नीटनेटके कपडे घालावेत.

या दोन्ही सूचना निरुपद्रवी वाटतात, म्हणूनच त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. ऑलिंपियाहून मशाल धावत नेण्याची प्रथा प्राचीन नाही. ती १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी, नाझी राजवटीत, त्या स्पर्धेचे संयोजक कार्ल डीम यांच्या कल्पनेतून सुरू झाली. अथेन्समध्ये मशालींच्या शर्यती होत, पण त्या वेगळ्या उत्सवांचा भाग होत्या. तीच गत मॅरेथॉनची. ती शर्यत १८९६ मध्ये पहिल्यांदा धावली गेली. प्राचीन ऑलिंपियावरच्या चित्रपटात मशाल दाखवणे म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात आधीच असलेला गैरसमज तिकीट घेऊन पक्का करणे होय. याच मशालीवरून पैशाचा वादही एकदा पेटला होता. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या आयोजकांनी अमेरिकेतला मशालीचा मार्ग किलोमीटरला ३,००० डॉलर या दराने देणगीदारांना वाटला. पैसा समाजकार्यासाठी होता, तरी ग्रीसमध्ये इतका संताप उसळला की ग्रीसच्या भूमीवरची मशाल-दौड रद्द करावी लागली.

कपड्यांची सूचना आणखी खोलवर जाते. हे खेळाडू नग्न धावत आणि लढत, अंगाला तेल चोळत, आणि खेळ संपल्यावर तेल, घाम व धूळ धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढत. ते वगळले की प्राचीन क्रीडांगणच वगळले जाते. प्रकाश, धूळ आणि कॅमेऱ्याचा कोन यांच्या मदतीने मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबालाही अवघडून टाकणार नाही असे चित्रण नक्की करता येते. तेवढे कौशल्य आमच्या लोकांकडे आहे. परंतु ते ठरवण्याचा अधिकार दिग्दर्शकाचा आणि अभ्यासकांचा आहे.

आणि मग अर्रिखिऑन. फिगालिया गावचा हा मल्ल इ.स.पू. ५६४ मध्ये पांक्रातिऑनच्या अंतिम लढतीत उतरला. या प्रकारात कुस्ती आणि मुष्टियुद्ध एकत्र होते, आणि चावणे व डोळ्यांत बोटे घालणे एवढेच निषिद्ध होते. प्रतिस्पर्ध्याने त्याला पायांच्या विळख्यात धरून गळा आवळला. जीव जात असताना अर्रिखिऑनने प्रतिस्पर्ध्याच्या पायाचे बोट पिरगळून निखळवले; दुसऱ्या एका प्राचीन वर्णनात बोटाऐवजी घोटा आहे. वेदना असह्य होऊन प्रतिस्पर्ध्याने हार मानली, त्याच क्षणी अर्रिखिऑन मेला, आणि न्यायाधीशांनी प्रेताला विजयी घोषित केले. कोणत्याही कंपनीच्या जाहिरात विभागाला हा प्रसंग नको असणार. माझ्या मते तो चित्रपटाचा कणा आहे, कारण ज्या समाजाने रानऑलिव्हच्या एका फांदीच्या मुकुटाला एवढी किंमत दिली, तो समाज कसा होता हे त्या एका प्रसंगात दिसते. स्त्रियांचे वगळणेही तसेच दाखवायला हवे: विवाहित स्त्रियांना प्रेक्षक म्हणूनही मज्जाव होता, अपवाद फक्त देमेतेरच्या पुजारिणीचा. स्पार्टाची किनिस्का इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये रथाच्या शर्यतीत जिंकली ती घोड्यांची मालकीण म्हणून. रथ तिने हाकला नव्हता.

दात्याला खेळात शिरू दिले की काय होते, तेही ऑलिंपियाने पाहिले आहे. रोमन बादशहा नीरोसाठी स्पर्धेचे वर्षच पुढे ढकलले गेले. इ.स. ६७ मध्ये तो दहा घोड्यांच्या रथातून खाली पडला, शर्यत पूर्ण करू शकला नाही, तरीही विजेता ठरला आणि त्याने न्यायाधीशांना दहा लाख सेस्टर्स (रोमन नाणी) दिले. त्याच्यानंतर बादशहा झालेल्या गाल्बाने ती रक्कम परत मागितली. याउलट मैदानाच्या प्रवेशमार्गावर झ्यूसच्या कांस्य पुतळ्यांचे चौथरे ओळीने उभे आहेत, ते लाचखोर खेळाडूंकडून वसूल केलेल्या दंडातून उभारलेले. पहिले पुतळे इ.स.पू. ३८८ मधल्या एका मुष्टियोद्ध्याच्या लाचखोरीचे. प्रत्येक खेळाडू मैदानात शिरताना त्यांच्या समोरून जात असे.

म्हणून आमच्या मसुद्यात मी पुढील गोष्टी धरून ठेवल्या आहेत. पहिल्या प्रायोजकाला भेटण्याआधी संहिता पूर्ण व्हावी आणि अभ्यासकांच्या मंडळाने ती मान्य करावी. प्रायोजकाचे नाव प्रेक्षागृहाबाहेरच्या भिंतीवर, दगडात, ठसठशीत असावे आणि चित्रपटाच्या अखेरीस यावे. चित्रपटाच्या आत आणि तिकिटावर ते नसावे. सट्टा लावणाऱ्या कंपन्यांना, त्या कितीही रक्कम देऊ करोत, नकार द्यावा. ज्या जागी निकाल विकणाऱ्यांना पुतळ्यांच्या रूपाने शिक्षा झाली, तिथे दुसरा निर्णय शक्यच नाही.

सर्वांत अवघड मागणी मात्र देखभालीची आहे. उद्घाटनाला पैसे देणारे मिळतात. फीत कापतानाचे छायाचित्र सर्वांना हवे असते. सातव्या वर्षी प्रोजेक्टर बदलायचा असतो, खुर्च्यांची कापडे फाटलेली असतात, वातानुकूलन बंद पडते, नव्या उत्खननामुळे एखादे दृश्य पुन्हा करावे लागते, आणि तेव्हा फोन उचलायला कोणी नसते. म्हणून प्रत्येक प्रायोजकाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा राखीव निधीत जावा आणि तो निर्मितीसाठी वापरता येऊ नये, अशी अट मी घातली आहे. काही सहकाऱ्यांना भीती वाटते की यामुळे प्रायोजक पळून जातील. काही जातीलही.

भारतीय कंपन्यांविषयी अनेकांनी विचारले, म्हणून तेही स्पष्ट करते. कंपनी कायद्याखालच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून अशा कामाला पैसा देता येत नाही, कारण २०२१ च्या सुधारित नियमांनुसार भारताबाहेरचे उपक्रम त्यात धरले जात नाहीत. सूट आहे ती राज्याचे किंवा देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणापुरती. म्हणजे भारतीय कंपनीने पैसा दिलाच, तर तो जाहिरातीच्या अंदाजपत्रकातून येणार, आणि जाहिरातीचा पैसा मोबदला मागणारच. अशा कंपन्यांशी बोलताना आपली अट पहिल्याच पत्रात लिहिलेली बरी.

व्यक्तिगत देणग्यांचा मार्ग मात्र मोकळा आहे, आणि तिथे माझी एक मनापासूनची इच्छा आहे. चित्रपट ग्रीक आणि इंग्रजीत होईलच. त्याला मराठी निवेदनही असावे. सहलीच्या कंपन्यांबरोबर ग्रीसला जाणारी मराठी कुटुंबे कमी नाहीत, आणि लंगोट लावून लाल मातीत उतरणारा मल्ल ज्यांनी गावच्या जत्रेत पाहिला आहे, त्यांना अर्रिखिऑन समजायला वेळ लागणार नाही. भाषांतर, आवाज, ध्वनिमुद्रण आणि राखीव निधीतला वाटा असा या निवेदनाचा वेगळा हिशेब मी तयार करते आहे. ज्यांना त्यात सहभागी व्हायचे आहे त्यांनी संदेश पाठवावा. पैशांबरोबर मराठी संहिता तपासणारे जाणकारही हवे आहेत, विशेषतः कुस्तीची परिभाषा ज्यांच्या तोंडी आहे असे.