दोन छोटे ढग आणि भिंतीवरचं नाव

‘कलेला कायम धनिकांनीच पोसलं. तेव्हा मेदिची होते, आता कंपन्या आहेत. त्या कलेत नाक खुपसत नाहीत, त्या नसत्या तर संग्रहालयांना टाळं लागलं असतं, शिवाय जनतेचा पैसा वाचतो. बदल्यात मागतात काय, तर भिंतीवर नुसतं नाव. तेवढंही लोकांना खुपतं!’ शब्द इकडचे तिकडे करून हा मजकूर सगळीकडे फिरतोय. वाचायला पटतो, म्हणूनच एकेक वाक्य सुटं करून बघू.

आधी मेदिची, म्हणजे इटलीतल्या फ्लॉरेन्सचं धनाढ्य सावकार घराणं. तिथल्या त्यांच्या वाड्यातलं छोटं प्रार्थनागृह चित्रकार बेनोझ्झो गोझ्झोली रंगवत होता. १४५९ सालच्या जुलैत त्याने पिएरो मेदिचीला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. चित्रातले देवदूत तिथे शोभत नाहीत, अशी कुरबूर मालकापर्यंत गेली होती. गोझ्झोली म्हणतो, एक तर कोपऱ्यात आहे, ढगांत पंखांची टोकं तेवढी दिसतात; तरी आपण सांगाल तसं करतो, दोन छोटे ढग रंगवले की झाकले जातील. म्हणजे मेदिची नाक खुपसत होते, तेही उघड. पण चित्र त्यांनी सांगून काढून घेतलेलं, स्वतःच्या घरात, त्यात स्वतःचे चेहरेही घातलेले. चांगलं-वाईट जे होईल ते त्यांच्या माथी. आजचा प्रायोजक बहुतेक वेळा काहीच घडवून घेत नाही. दुसऱ्याने जमवलेल्या, दुसऱ्याने टांगलेल्या चित्राशेजारी तो येऊन उभा राहतो. एकाला आश्रयदाता म्हणतात, दुसऱ्याला जाहिरातदार.

कंपनी आश्रयदाती होऊच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. सीग्रॅम या मद्य कंपनीची न्यूयॉर्कमधली इमारत बघा. मालक सॅम्युएल ब्रॉन्फमन आधीच्या आराखड्यावर खूश होते. १९५४ मध्ये त्यांच्या मुलीने, फिलिस लॅम्बर्टने, लांबलचक पत्र लिहून तो मोडीत काढायला लावला आणि काम वास्तुकार मीस व्हान डेर रोहकडे गेलं. १९५८ मध्ये इमारत उभी राहिली ती रस्त्यापासून चांगली मागे सरकून. जगातल्या महागड्या जमिनींपैकी एक, आणि पुढे मोकळं अंगण! त्या कंपनीने वास्तुकला घडवली, तिच्या भिंतीवर पाटी ठोकली नाही. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी हे उदाहरण दिलं असतं, तर मला उत्तर देणं जड गेलं असतं.

आता ‘नाक खुपसत नाहीत’. अर्धं खरं आहे. १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कुन्स्टहाल्ले या कलादालनात हाराल्ड झेमानने भरवलेल्या, भल्याभल्यांना चक्रावून सोडणाऱ्या प्रदर्शनाला फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचे पैसे होते. कलाकृतीपर्यंत प्रायोजकाचा हात सहसा जात नाही, कारण तशी वेळच येत नाही. २०१० च्या जानेवारीत लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाने कला आणि आंदोलन या विषयावर एक कार्यशाळा ठेवली. नाव काय, तर ‘अवज्ञा इतिहास घडवते’. आणि ती घेणाऱ्यांनाच संग्रहालयाकडून कळवण्यात आलं, की टेट किंवा टेटच्या प्रायोजकांविरुद्धची कृती इथे चालणार नाही. प्रायोजक होती बीपी ही तेल कंपनी. संग्रहालयाने ढग आधीच रंगवून ठेवले होते. त्याच कार्यशाळेतून ‘लिबरेट टेट’ हा बीपीच्या पैशाविरुद्ध लढणारा गट निघाला, ही गंमत वेगळी.

‘त्या नसत्या तर टाळं लागलं असतं’. बीपी किती देते, हे टेट सांगायला तयार नव्हतं. माहितीच्या हक्काची लढाई न्यायाधिकरणापर्यंत गेली, तेव्हा २०१५ च्या सुरुवातीला आकडे बाहेर आले. १९९० ते २००६ या १७ वर्षांत मिळून ३८ लाख पौंड, म्हणजे वर्षाला सरासरी सव्वादोन लाखांच्या आत. एवढ्या मोठ्या संस्थेच्या खर्चात ही चिल्लर. २०१७ मध्ये करार संपला. टेट उघडं आहे.

‘जनतेचा पैसा वाचतो’. कुणाचा? फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने कंपनीला अशा देणगीच्या ६० टक्के रक्कम करातून, मर्यादेत, वजा करता येऊ लागली. पॅरिसमध्ये वास्तुकार फ्रँक गेरीची लुई व्हितॉं फाउंडेशनची काचेच्या शिडांची इमारत २०१४ मध्ये उघडली. सुरुवातीला खर्च १० कोटी युरो सांगितला होता, झाला सुमारे ७९ कोटी. फ्रान्सच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की या फाउंडेशनपायी लुई व्हितॉंच्या मालक कंपनी समूहाला सुमारे ५१.८ कोटी युरोंची करसवलत मिळाली. इमारत देखणी आहे, वादच नाही. शिवाय जमीन शहराची आहे आणि ५५ वर्षांचा करार संपल्यावर इमारतही शहराकडे जाईल. पण अर्ध्याहून अधिक बिल जनतेने भरलं, आणि दारावर नाव एका हँडबॅगवाल्याचं.

राहिलं ‘नुसतं नाव’. ते इतकं नुसतं असतं, तर ऑक्सिकॉन्टिन हे व्यसन लावणारं वेदनाशामक विकणाऱ्या पर्ड्यू फार्माच्या मालक सॅकलर कुटुंबाने ते इतक्या संग्रहालयांत कशाला लावलं असतं? २०१८ मध्ये छायाचित्रकार नॅन गोल्डिन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात, सॅकलर दालनातल्या इजिप्शियन देवळाभोवतीच्या पाण्यात गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या टाकल्या. ते नाव मेटने उतरवलं २०२१ च्या डिसेंबरमध्ये. उतरवणंही फुकट होत नाही. न्यूयॉर्कच्याच लिंकन सेंटर या कलासंकुलातल्या संगीत सभागृहाला एव्हरी फिशरचं नाव होतं. ते कंपनीचं नव्हे, माणसाचं, पण सौदा त्याच जातीचा. १९७३ मध्ये त्याने १ कोटी ५ लाख डॉलर दिले होते. २०१४ मध्ये संस्थेला नव्या देणगीदारासाठी पाटी मोकळी हवी होती. त्यासाठी तिने फिशर कुटुंबाला १ कोटी ५० लाख डॉलर मोजले.