'एन्झाइमच्या कॅप्सूल फेका, पपई खा' या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या लालबागच्या चाळीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. पुढच्या तीन दिवसांत तोच मला आणखी चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: 'स्वादुपिंड कमजोर असेल तर एन्झाइमच्या कॅप्सूल फेकून द्या. त्यांची सवय लागते, स्वादुपिंड आळशी होतं. पपई, अननस, ओव्याचं पाणी घ्या, तेल-तूप बंद करा. कॅप्सूल घ्यायच्याच असतील तर जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी. आणि त्या डुकरापासून बनतात, हे डॉक्टर लपवतात.'

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तो वाचला आणि कुणाला न सांगता कॅप्सूल बंद केल्या. मला बाराव्या दिवशी कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

अण्णांना स्वादुपिंडाचा, म्हणजे अन्न पचवणारी एन्झाइम तयार करणाऱ्या ग्रंथीचा, जुनाट दाह आहे. कमी पडणारी एन्झाइम त्या कॅप्सूलमधून मिळतात. आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण या आजाराचं नाव काढलं की लोक बाटलीचा विचार करतात. आपल्या देशात हा आजार न पिणाऱ्यांनाही पुष्कळ होतो. निदान होण्याआधी सहा महिने त्यांना फिकट, चिकट, उग्र वासाचं शौच होत होतं. चाळीच्या सामायिक संडासात दोन बादल्या ओतल्या तरी पाण्यावर तेलाचा तवंग राहायचा. मागून येणाऱ्याला तो दिसू नये म्हणून ते पहाटे साडेतीनला उठून जायचे. वजन ६४ किलोवरून ५१ वर आलं, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

आता 'आळशी होतं' याबद्दल. स्वादुपिंडात लायपेज हे चरबी पचवणारं एन्झाइम इतकं मुबलक तयार होतं की ती क्षमता जवळजवळ ९० टक्के संपेपर्यंत शौचातून अशी चरबी पडत नाही. म्हणजे तवंग दिसायला लागला तेव्हा ग्रंथीचा बहुतेक भाग निकामी झालेला होता, तिथे व्रणासारखं घट्ट ऊतक तयार झालं होतं. विहीर आटली म्हणून गावाने टँकर मागवला, तर टँकरमुळे विहीर आटली असं कुणी म्हणत नाही. सवयीचं म्हणाल, तर कॅप्सूल बंद केल्यावर त्रास परत येतो तो सवयीमुळे नाही. जे कमी होतं ते अजूनही कमीच आहे म्हणून येतो.

पपईबद्दल आमच्या चाळीत कुणाला शिकवायला नको. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा लावणारी दोन घरं तर आमच्याच मजल्यावर आहेत. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, म्हणून मटण मऊ होतं. पण मटणावरची चरबी त्याने विरघळलेली कुणी पाहिली आहे का? अननसातलं ब्रोमेलेनही प्रथिनांवरच काम करतं. शिवाय पपेन असतं ते कच्च्या फळाच्या चिकात, पिकलेल्या पपईत जेमतेम उरतं. अण्णांना कमी पडत होतं ते मुख्यतः लायपेज. ओवा गॅसवर बरा वाटतो, खुशाल घ्यावा. पण तो लायपेजची जागा घेत नाही.

तेल-तूप बंद करण्याचा सल्ला सगळ्यात जास्त पटतो आणि म्हणूनच सगळ्यात जास्त घात करतो. चरबी बंद केली की तवंग कमी होतो, माणसाला वाटतं बरं वाटायला लागलं. प्रत्यक्षात आधीच खंगलेल्या शरीराचं इंधन आपण काढून घेतो. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीसोबतच शोषली जातात. ती कमी पडली की हाडं ठिसूळ होतात, रक्त गोठायला वेळ लागतो. आता डॉक्टर सरसकट तेल-तूप तोडायला सांगत नाहीत. नेहमीसारखं जेवा आणि त्या जेवणाला पुरेल इतकं एन्झाइम घ्या, असं सांगतात.

रिकाम्या पोटी घेण्याचा सल्ला तर कॅप्सूल वाया घालवायचाच आहे. कॅप्सूल उघडून बघा, आत खसखशीएवढे बारीक दाणे असतात. प्रत्येक दाण्यावर आवरण असतं, कारण पोटातल्या आम्लात लायपेज कायमचं निकामी होतं. ते आवरण लहान आतड्यात सुटतं. दाणे अन्नात मिसळून अन्नासोबतच खाली उतरले पाहिजेत. अर्धा तास आधी घेतले तर ते पुढे निघून जातात, पिठलं मागून एकटंच येतं. म्हणून पहिल्या घासाला एक, जेवण लांबलं तर मध्ये दुसरी. दाणे चावायचे नाहीत, कुटायचे नाहीत, गरम चहात तर मुळीच टाकायचे नाहीत. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेजपासून सुरुवात करतात, नाश्त्याला त्याच्या निम्मं. वडापाव म्हणजे नाश्ताच, त्यालाही कॅप्सूल लागते. नुसत्या फळाला किंवा कोऱ्या चहाला लागत नाही. आणि मे महिन्यात डबी शर्टाच्या खिशात ठेवून लोकलने फिरू नका, उष्णतेने औषध कमकुवत होतं.

खरी जपायची गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच. डोस मनाने वाढवू नये. १९९४ मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या मुलांमध्ये याच एन्झाइमच्या फार मोठ्या डोसनंतर मोठं आतडं अरुंद झाल्याचं आढळलं, तेव्हापासून दिवसाला किलोमागे १०,००० युनिट लायपेज ही मर्यादा पाळतात. मधुमेह असेल तर अन्न अंगी लागू लागल्यावर साखर वाढू शकते, तीही तपासत राहावी.

राहिला डुकराचा मुद्दा. तो खरा आहे. ही एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात, आणि या आजारात त्यांच्या तोडीचा शाकाहारी पर्याय आज हाताशी नाही. दुकानात मिळणाऱ्या पाचक सिरपमध्ये बहुधा बुरशीपासूनचं, पिष्ट पचवणारं एन्झाइम असतं, त्याने हे भागत नाही. अण्णा माळकरी आहेत, पस्तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ. लिहून देताना त्यांना हे कुणीही सांगितलं नव्हतं. याचा मला मेसेजइतकाच राग आहे. आधी सांगितलं असतं तर त्यांनी विचार करून ठरवलं असतं. फसवलं गेल्यासारखं वाटून बारा दिवस अंग झिजवलं नसतं.

मी त्यांची समजूत घालायला गेले नाही. त्यांच्या दिंडीतल्या वयस्कर महाराजांना घरी बोलावलं आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. महाराज बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "औंदा आळंदीपासून चालायचंय का नाही?" अण्णा म्हणाले, "चालायचंय." "मग घ्या. जिभेसाठी खाताय का तुम्ही ते?"

त्या रात्री पिठलं-भाकरी होती, वर लोण्याचा गोळा. अण्णांनी माळेला हात लावला, कॅप्सूल तोंडात टाकली आणि पहिला घास घेतला. आठवडाभराने सकाळी सात वाजता, चाळ जागी असताना, ते संडासातून परत आले आणि आईला हळूच म्हणाले, "एका बादलीत झालं."