सौदीला बिऱ्हाड नेताना

नोकरी दम्मामला लागली, पगार रियालमध्ये ठरला, आता बायकोमुलांनाही न्यायचे म्हणता? अभिनंदन. फक्त 'एवढ्या कर्मठ देशात आमच्या घरच्यांचे कसे होणार' ही काळजी इथे गोव्यात, फोंड्यातच ठेवून विमानात बसा. तसल्या देशात राहायचा सराव घरच्यांना केव्हाच झालेला असतो.

पहिली भीती अबायाची, म्हणजे तिकडच्या अंगभर सैल झग्याची. वहिनी त्यात गुदमरतील, असे तुम्ही चारचौघांत कळवळून सांगता. याच वहिनींनी लग्नानंतर पहिल्यांदा जीन्स घातली तेव्हा तुम्ही 'आबा घरात आहेत' एवढेच म्हणालात आणि जीन्स कपाटात गेली ती गेलीच. तिकडच्या युवराजांनी 2018 मध्ये सांगून टाकले की कपडे सभ्य असावेत, काळा अबायाच हवा असे नाही. आबांचे निवेदन अजून आलेले नाही.

रस्त्यावरच्या धर्मपोलिसांचीही धास्ती नको. पाठलाग करण्याचा आणि अटक करण्याचा त्यांचा अधिकार 2016 मध्येच काढून घेतला. आपल्या वाड्यावर सोप्यात बसून कुणाची सून कितीच्या बसने उतरली याची नोंद ठेवणाऱ्या काकींचे अधिकार मात्र शाबूत आहेत. 24 जून 2018 पासून तिथल्या बायका गाडीही चालवतात. वहिनी तिथे परवाना काढतील, मुलांना शाळेत सोडतील, आणि गावी आल्यावर किल्ली उचलताच आबा विचारतील, "एकटीच निघालीस?"

वहिनींचा इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, तुमच्या इकाम्याला बांधलेला असतो. देश सोडून परत येण्याची त्यांची परवानगी तुमच्या मोबाइलवरच्या अबशर या सरकारी अ‍ॅपमधून निघते. हे कळल्यावर तुम्ही 'काय हा मध्ययुगीन कारभार' म्हणालात म्हणे. त्यांना माहेरी जायचे असले की इथे किती जणांना विचारावे लागते, ते मोजून पाहा. अबशरवर निदान आईचा मूड बघून अर्ज करावा लागत नाही.

कुटुंबाबद्दलचा जिव्हाळा किती, हे तिथले सरकार आकड्यात सांगते. जुलै 2017 मध्ये सोबतच्या प्रत्येक माणसामागे महिना 100 रियाल शुल्क लागू झाले आणि दरवर्षी शंभराने वाढत 2020 मध्ये 400 झाले. बायको आणि दोन मुले म्हणजे वर्षाला 14,400 रियाल. हा हिशेब बसेना म्हणून कित्येकांनी बायकामुलांना परत गावी धाडले. 'मुलांवर आपले संस्कार व्हायला हवेत' हे कारण सांगायला बरे पडते.

दारूचे तुम्हीच बघा. बंदी 1952 पासूनची आहे, आणि उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत रजा मागणारे तुम्ही काही पहिले नसाल. पण आईने शागोतीच्या रश्श्यासाठी बांधून दिलेली खसखस बॅगेतून आठवणीने काढा. तिकडे ती अमली पदार्थांत धरतात, आणि शागोती म्हणजे काय हे विमानतळावर समजावून सांगण्याइतके अरबी तुम्हाला येत नाही.

राहता राहिला देव. इस्लामखेरीज दुसऱ्या धर्माची उघड उपासना तिथे चालत नाही. या बाबतीत गोमंतकीयाला शिकवणारा अजून जन्मायचा आहे. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, गोव्यात आले, त्या धामधुमीत कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा झुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आपल्या फोंड्याकडे आली. मूर्ती सापडू नये म्हणून लोकांनी कागदावरचा गणपती पुजला, आणि काही घरांत चवथीला आजही तो कागदच पुजतात. तेव्हा फ्लॅटचे पडदे ओढून, हळू आवाजात आरती म्हणावी लागली तर धर्म बुडाल्यासारखा चेहरा करू नका. आरतीला वाजवायचे घुमट मात्र गावीच ठेवा. 'तिथे आम्हाला मोकळेपणी आरतीही करता येत नाही हो' हे वाक्यही गावी येऊनच बोलायचे. ते झाले की गावातल्या मशिदीचा भोंगा किती मोठा वाजतो, या विषयाकडे वळायचे. मध्ये पाण्याचा घोट घ्या, म्हणजे दोन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत असे ऐकणाऱ्याला वाटत नाही.

तिथे देवघर म्हणजे स्वयंपाकघरातले एक फडताळ. महिन्याचे चार दिवस वहिनी त्याला हात लावतात की नाही, हे विचारणारे कोणी नसते. तुम्हीही विचारू नका. इथे तरी कुठे तुम्ही विचारत होता? ते खाते आईकडे होते.

शेवटचा सल्ला वहिनींना आहे, तुम्ही नाही वाचलात तरी चालेल. वहिनी, चवथीला गावी यायची परवानगी निघेल तेव्हा परतीच्या मुदतीचा रकाना स्वतः भरा आणि विसर्जनानंतर दोनच दिवसांची तारीख घाला. "तुळशीच्या लग्नापर्यंत राहा की" असे सासूबाई म्हणाल्या, की कपाळाला हात लावून सांगा, "काय करणार आई, तिथले सरकार फार कडक आहे."