हात लई हलका आहे म्हणे

आज दुपारी ड्युटीवरून आले, चप्पल काढायच्या आत शेजारच्या काकू दारात. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिकलची पिशवी. बी-ट्वेल्व्हची ५ इंजेक्शनं, एक दिवसाआड. "तूच दे गं माय. तिथली पोरगी टोचती तर दोन दिवस दंड वर होत नाही. तुझा हात लई हलका आहे."

दिलं. नर्सची १८ वर्षांची नोकरी आहे, हात आपोआप चालतो. पण त्या गेल्या आणि मी तासभर तशीच बसून राहिले, चहासुद्धा टाकला नाही. म्हणून लिहितेय. कॉलनीतले वाचतील, वाचू द्या.

ऑगस्ट २०२० मध्ये मी कोरोना पॉझिटिव्ह आले. वॉर्डात सहा-सहा तास ते किट घालून, पाणी नाही, लघवीला जाणं नाही, ग्लोव्ह्ज काढले की बोटं बाळंतिणीचे कपडे धुतल्यासारखी सुरकुतलेली. ते सगळं सोडा, तो पगाराचा भाग होता. १०८ गल्लीत आली तेव्हा गच्च्या विसर्जनाला भरतात तशा भरल्या होत्या. दोघा-तिघांनी मोबाईल वर धरलेले. लेक ६ वर्षांचा, बापाच्या कडेवरून माझ्याकडं झेपावत होता. ते शूटिंग अजून कुणाच्या तरी फोनमध्ये असेल.

दहा दिवसांनी मला सोडलं. मे २०२० पासूनचा नियमच तसा होता: लक्षणं सौम्य, सलग तीन दिवस ताप नाही, तर दहाव्या दिवशी घरी, पुन्हा तपासणी नाही, पुढचे सात दिवस घरातच राहायचं. हे मी फाटकाच्या आतून किती जणांना सांगितलं असेल! "निगेटिव्ह रिपोर्ट कुठाय?" अहो, तसा रिपोर्ट मिळतच नाही. त्या तपासणीत मेलेल्या विषाणूचे तुकडेसुद्धा कित्येक दिवस दिसतात, त्यावरून माणूस दुसऱ्याला लागण देतो असं होत नाही. "म्हणजे निगेटिव्ह नाही ना?" झालं. पुढं कोण ऐकतंय.

आणि मग पाणी. नवरा आणि लेकरू अजून क्वारंटाईन सेंटरवर, घरात मी एकटी, टाकी कोरडी. नळाला पाणी कधी येणार हे लातूरकरांना मी काय सांगायचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा टँकरच्या रांगेत काकूंची घागर आणि माझी घागर एकमेकींना चिकटून असायची. त्या दमल्या की त्यांची मी उचलायची. आता त्यांच्याकडं बोअर आहे. म्हणून फोन लावला. फोन लागायच्या आधी ती सरकारी ट्यून: आपल्याला रोगाशी लढायचंय, रोग्याशी नाही. पूर्ण ऐकली मी. मग काकूंनी उचलला.

काकू आल्या. कंपाउंडच्या पलीकडं स्टुलावर चढल्या. तोंडाला पदर, हातात पाईप. "घागर तिथंच ठिव. मागं सरक. अजून मागं." मी पार तुळशीपर्यंत मागं सरकले. त्यांनी वरून पाणी सोडलं. अर्धं घागरीत, अर्धं फरशीवर.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी विहिरीवर हात लावायची सोय नव्हती. कुणी वरून ओंजळीत घालील तेव्हा प्यायचं. आम्हाला ती गोष्ट वाटायची. बाबासाहेबांमुळं आम्ही शिकलो, नर्सिंग केलं, सरकारी नोकरीला लागलो. आणि पस्तिशीत मी माझ्याच अंगणात, माझ्याच घागरीपासून दहा हात लांब उभी.

काकूंच्या मनात ते नव्हतं, मला माहिती आहे. टीव्हीवर रोज आकडे, म्हातारं माणूस, भीती वाटणारच. ठीक आहे. आणि पाणी दिलं तरी होतं, बाकीच्यांनी तर खिडक्याही उघडल्या नाहीत. पण मला सांगा, त्याच काकूंनी २२ मार्चला संध्याकाळी ५ वाजता परात बडवली होती ना? आमच्यासाठी ना? नवऱ्यानं व्हिडिओ पाठवला होता, वॉर्डात सगळ्या सिस्टरांना दाखवत फिरले मी, "ही आमची शेजारीण" म्हणत.

एप्रिल २०२० मध्ये वटहुकूम निघाला, १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली, आरोग्य कर्मचाऱ्याला त्रास दिला तर ५ वर्षांपर्यंत कैद. चांगलं केलं. पण मी पोलिसात काय लिहून देणार होते? की मला मागं सरक म्हणाल्या?

खोटं कशाला बोलू. त्याच वर्षी आमच्या वॉर्डातला एक वॉर्डबॉय (आम्ही त्याला मामा म्हणतो) बरा होऊन परत आला तेव्हा मी त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. नियम मला पाठ, तरीही. त्याच्या डब्यातलं लोणचं तेवढं नको म्हणाले. तो काही बोलला नाही. माझी पाळी आली तेव्हा कळलं.

आणि घरातही. लेकरू परत आल्यावर मी त्याला महिनाभर कुशीत घेतलं नाही. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. गावानं हात लावायचा नाही म्हटलं की आपल्यालाच आपला हात नकोसा होतो. रात्री तो झोपला की पांघरुणावरून पाय चेपायचे, तेवढंच.

त्या साली वेळ अमावस्या जानेवारी २०२१ मध्ये आली. दरवर्षी काकूंच्या शेतात भज्जी-आंबिलाला अख्खी गल्ली असते. आम्हाला निरोप नाही. त्याच आठवड्यात, १६ तारखेला, लस सुरू झाली, आधी आम्हालाच. आणि मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांचं सुरू झालं तर पहिला फोन कुणाचा? "आमचा नंबर लाव की गं." लावला. सेंटरवर रांगेत उभी राहिले त्यांच्यासोबत. तेव्हाही म्हणाल्या होत्या, तुझा हात हलका आहे.

कधीच काही बोलल्या नाहीत त्या दिवसाबद्दल. एकदाही. माफी नको हो मला, शाल-नारळ तर नकोच. नुसतं "तवा लई भ्यालो होतो बघ" एवढं म्हणाल्या असत्या तरी मी रडून मोकळी झाले असते.

आज इंजेक्शन झाल्यावर पाणी मागितलं त्यांनी. स्टीलचा पेला भरून हातात दिला. एक क्षण, खरं सांगते, वाटलं होतं की म्हणावं, ओंजळ करा. नाही म्हटलं. काकू वरून प्यायल्या. त्या नेहमीच वरून पितात, सगळीकडं, त्यात काही नाही. पण मी बघत होते.

परवा दुसरं इंजेक्शन आहे. येतील दुपारी.