होकार दोन मिनिटांत, नकाराला मात्र वनवास

इथे ब्रिटनमध्ये मोबाइलचा करार अपग्रेड व्हायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं! ऐन स्वयंपाकाच्या वेळी फोन येतो, पलीकडचा गोड बोलतो, इकडे तव्यावर पोळी करपते, आपण एकदाचं 'हो' म्हणतो आणि 24 महिने अडकतो. रात्री शांतपणे हिशेब केला, तर जुना प्लॅनच परवडत होता. सकाळी रद्द करायला फोन लावला. पाऊण तास नुसतं संगीत! मग या विभागातून त्या विभागात. दर वेळी नाव, पत्ता, जन्मतारीख पहिल्यापासून. आणि शेवटी उत्तर काय? "तुम्ही होकार दिलाय." अहो, दिला होता! आता नकोय! फोनवर किंवा ऑनलाइन केलेला करार 14 दिवसांत, कारण न देता मोडता येतो. 2013चे ग्राहक करार नियम आहेत तसे. (दुकानात जाऊन सही केली असेल, तर मात्र हा हक्क नाही.) रोज हेच विकणाऱ्यांना हे माहीत नाही? ते मी शिकवायचं? आणि "जुना प्लॅन आता मिळणार नाही" हे होकार घेण्याआधी का नाही सांगितलं? हँडसेटचा खोका आलाय. मी उघडणार नाही. घेऊन जा परत!