‘एका दाढेसाठी चार फेऱ्या’ या रिव्ह्यूला दवाखान्याचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. गणपतीला आठ दिवसांच्या रजेवर गावी आलात, आईंना खालची दाढ बसवून द्यायची होती आणि आम्ही चार महिने नि तीन-चार फेऱ्या सांगितल्या. मुंबईत तीन दिवसांत फिक्स दात मिळतात, एक्स-रे असताना वेगळा स्कॅन करायला लावला, मशेरीची नको तेवढी चौकशी केली, आणि हे सगळं बिल वाढवण्यासाठी, असं तुमचं म्हणणं आहे. आईंच्या तब्येतीबद्दल इथे चारचौघांत एक अक्षरही लिहिणार नाही. पण खालची दाढ बसवायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हेच का सांगतो, ते सांगायलाच हवं.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. बसवला त्या दिवशी तो नुसत्या आट्यांच्या पकडीवर उभा असतो. पुढच्या काही आठवड्यांत शरीर कडेचं दुखावलेलं हाड काढून टाकतं आणि त्या जागी नवीन हाड भरतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनी पकड सुटलेली असते आणि नवी पुरती आलेली नसते. टाके निघालेले, दुखणं थांबलेलं, पेशंटला अगदी बरं वाटत असतं, आणि नेमका तेव्हाच स्क्रू सर्वांत नाजूक असतो. त्या दिवसांत चावण्याच्या जोराने तो १५० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याच्या वर हलत राहिला, तर भोवती हाड न धरता मऊ तंतू धरतात. असा इम्प्लांट बरेचदा दुखत नाही, फक्त हलतो, आणि तो काढावाच लागतो.

तीन दिवसांचे दात खोटे नाहीत. पूर्ण जबड्यात चार, सहा किंवा जास्त इम्प्लांट घालून ते एकाच ताठ पुलाने जखडले की जोर वाटला जातो. समोरचा एखादा दात असेल आणि स्क्रू ३५ न्यूटन सेंटिमीटरच्या पिळाला घट्ट बसला, तर त्यावर तात्पुरती कॅप लगेच देता येते. चावताना ती विरुद्ध जबड्यातल्या दाताला टेकू द्यायची नाही एवढं पाळायचं. एकट्या दाढेला मात्र जोडीदार नसतो आणि जेवणाचा जोर चुकत नाही. तिथे घाई करायला आम्ही तयार नाही, पेशंट दुसरीकडे गेला तरी चालेल.

स्कॅनचं म्हणाल तर साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. दात काढून वर्ष उलटलं की हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटलेली असू शकते. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण ६ ते ७ मिलिमीटर रुंद हाड लागतं. शिवाय खालच्या दाढांखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून २ मिलिमीटर अंतर राखलं नाही, तर अर्धा ओठ बधिर होऊ शकतो, कधी कायमचा. स्कॅनची फाइल पेशंटचीच असते. ती घेऊन कुठल्याही दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या.

मशेरी विचारतो, कारण आपल्याकडे कित्येक घरांत ती तंबाखूत धरतच नाहीत. निकोटिनने हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो, जखम रेंगाळते. आधी आठवडाभर आणि नंतर निदान दोन महिने ती बंद हवी. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ८ टक्क्यांच्या वर असेल तर आम्ही काम पुढे ढकलतो. हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही आधी कळलंच पाहिजे, कारण त्यात जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो.

फेऱ्या मात्र रजेत बसवता येतात. गणपतीत तपासणी, स्कॅन आणि स्क्रू. टाके सात ते दहा दिवसांनी मुंबईत घराजवळचे कुठलेही डेंटिस्ट काढतील, चिठ्ठी आम्ही देतो. स्क्रू बसवतानाच हीलिंग कॅप, म्हणजे हिरडीच्या वर राहणारं छोटं झाकण, लावता आली, तर हिरडी पुन्हा उघडावी लागत नाही. मग नाताळच्या सुट्टीत माप आणि कॅप. वरची दाढ असेल तर तिथलं हाड भुसभुशीत, म्हणून शिमग्यापर्यंत थांबावं. इम्प्लांटची कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असलेला स्टिकर कार्डावर चिकटवून देतो. तो जपून ठेवा. एका कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर बरेचदा दुसरीला लागत नाही. पुढे कधी कॅप डुगडुगली, तर बहुतेक वेळा आतला छोटा स्क्रूच सैल झालेला असतो. त्याच आठवड्यात दाखवा, घरी काही चिकटवू नका.

आठ दिवसांतच दात हवा असेल, तर ब्रिज, म्हणजे शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधारावर बसवलेला दात, होतो, आणि तो वाईट पर्याय नव्हे. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच मोठं सिमेंट किंवा कॅप असेल तर आम्ही स्वतःच ब्रिज सुचवतो. ते दात धडधाकट असतील तर ते घासायला आमचा हात धजत नाही. शिवाय ब्रिजखालचं हाड झिजत राहतं. काढता-घालता दात सर्वांत स्वस्त, पण एका दाढेसाठी बऱ्याच जणांना तो सोसत नाही. आमचं लॅबचं काम कोल्हापूरला जातं आणि यायला पाच दिवस लागतात. तेव्हा ब्रिज ठरला, तर रजेच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या दिवशीच आईंना घेऊन या.